जपानी मोटार आणि कागलचा शिक्का

गेल्या दिवाळीतली गोष्ट. नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला उटणे लावून मी न्हाणीघराकडे निघालो होतो, तोच कोल्हापुराहून ताईचा फोन आला. सणाच्या शुभेच्छा वगैरे बाजूला ठेवून तिने एकदम विचारले,

"अरे, स्वतःच्या वयापेक्षा जुनी मोटार विकत घेणाऱ्या माणसाला काय म्हणावे? तू मराठीचा प्राध्यापक आहेस, तूच सांग."

हा माणूस म्हणजे तिचा चिरंजीव, माझा भाचा, हे कळायला मला थोडा वेळ लागला. तो मेलबर्नला इंजिनियर आहे. वय बत्तीस. घर घेईल, मग लग्न करील, अशी आमची सगळ्यांची अटकळ होती. त्याने घेतली १९९१ सालची एक जपानी मोटार. तीही बंद पडलेली!

"तू त्याचा मामा. दोन शब्द समजावून सांग," असे म्हणून ताईने फोन ठेवला.

समजावायचे म्हणून मी दुपारी त्याला फोन लावला. त्यांच्याकडे तेव्हा संध्याकाळ झाली होती. पण मी तोंड उघडण्याआधी त्यानेच विचारले, "मामा, तुमच्या कागलात ओतकाम करणारे कुणी ओळखीचे आहे का?" गाडीतला एक ओतीव भाग तिथल्या कोणा गॅरेजवाल्याने काढताना मोडला होता. डायनॅमो जागच्या जागी धरून ठेवणारा तो एक आधार, कोपरापासून मनगटापर्यंतच्या हातासारखा. त्याच्यावाचून गाडी अंगणात उभी होती. नवा मिळत नव्हता आणि जुन्याला लोक वाटेल ती किंमत सांगत होते.

उपदेश करायला गेलेला मामा अशा रीतीने सुटे भाग शोधण्याच्या कामाला लागला.

गॉडझिला

माझे मोटारीचे ज्ञान एस.टी.च्या गाडीत चढण्या-उतरण्यापुरते. म्हणून भाच्यालाच म्हटले, "आधी ही गाडी काय आहे ते सांग." मग तो तासभर बोलत राहिला. इतका वेळ तो आपल्या नोकरीविषयी कधी बोलल्याचे मला आठवत नाही.

गाडीचे नाव निसान स्कायलाइन जीटी-आर. १९८९ साली जपानात ती निघाली. तिचे इंजिन २५६८ सी.सी.चे, एका रांगेत सहा सिलिंडर, आणि त्याला दोन टर्बो. टर्बो म्हणजे काय, हे त्याने मला असे समजावले: इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तापलेल्या धुराच्या जोरावर एक छोटे चक्र फिरते, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला पंखा असतो, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा जास्त गेली की पेट्रोल जास्त जाळता येते आणि जोर वाढतो. वाया जाणाऱ्या धुराला कामाला लावायची ही युक्ती मला मोठी काटकसरीची वाटली.

या गाडीने ऑस्ट्रेलियात १९९१ आणि १९९२ अशी लागोपाठ दोन वर्षे बाथर्स्टची प्रसिद्ध हजार किलोमीटरची शर्यत जिंकली. तिथल्या पत्रकारांनी तिला जपानी सिनेमातल्या राक्षसाचे नाव दिले होते, 'गॉडझिला'. निसान कंपनीने ऑस्ट्रेलियात अशा अवघ्या शंभर गाड्या स्वतः विकल्या. बाकीच्या लोकांनी पुढे जपानातून आणल्या.

मौज पुढेच आहे. त्या काळी जपानी कारखानदारांनी आपसांत एक समजुतीचा करार केला होता, की २८० अश्वशक्तीपेक्षा अधिक जोराची गाडी म्हणून जाहीर करायचे नाही. तो २००४ पर्यंत टिकला. म्हणजे कागदावर जोर २८०, पण इंजिनाची हाडे त्याहून कितीतरी मजबूत. शर्यतीसाठी तयार केलेल्या याच इंजिनातून साडेपाचशेच्या वर अश्वशक्ती काढत. अंगात असलेला पण कागदावर नसलेला हा जोर बाहेर काढण्याच्या विद्येला ट्यूनिंग म्हणतात. जपानात या विद्येची घराणी आहेत. यामाहा कंपनीत काम केलेल्या हिरोयुकी हासेगावा यांनी १९७३ साली फुजी पर्वताच्या परिसरात एच.के.एस. हा कारखाना काढला. सर्वसाधारण मोटारमालकाला विकत घेऊन बसवता येईल असा टर्बोचा संच त्यांनी तयार केला. होंडा कंपनीच्या संस्थापकांचे चिरंजीव हिरोतोशी होंडा यांनी त्याच वर्षी मुगेन नावाची स्वतंत्र कंपनी काढली. आज जगभरचे शौकीन या घराण्यांचे भाग मागवतात.

ट्यूनिंग हा शब्द आपल्याला गाण्यातला म्हणून माहीत आहे, आणि तो इथेही शोभतो. तंबोऱ्याची एक तार चढवली आणि बाकीच्या तशाच ठेवल्या तर बेसूर होते. मोटारीत हवा वाढवली तर पेट्रोल वाढवावे लागते, ठिणगीची वेळ बदलावी लागते, उष्णता काढून टाकण्याची सोय करावी लागते, आणि ब्रेक तर आधी सुधारावे लागतात. कोल्हापूरकरांना मी एवढेच सांगेन, की नुसता खुराक वाढवून कोणी खासबागेत कुस्ती मारत नाही. मेहनत, मालिश, झोप, सगळे जमवावे लागते. नाहीतर पोट तेवढे वाढते.

तीन घड्याळे

आता हा भाग शोधायचा कुठे? मला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची आठवण झाली. त्याचे नाव इथे देत नाही. त्याला ते आवडणार नाही. कागलहून निपाणीकडे जाताना हमरस्त्याच्या कडेला त्याची पत्र्याची शेड आहे. जाता-येता मी ती पाहिली होती, आत मात्र कधी गेलो नव्हतो. त्याला कारण होते. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असताना त्याने एक निबंध गाइडमधून अक्षरशः उतरवून काढला होता. मी तो वर्गात वाचून दाखवला, फाडला आणि त्याला बाहेर काढले. पुढे त्याने कॉलेजच सोडले. माझ्यामुळे सोडले असे त्याने कधी म्हटले नाही. पण मला तसे वाटत आले आहे.

कागल हे आनंद यादवांचे गाव. शाळेत जाता यावे म्हणून एका शेतकऱ्याच्या पोराने घरात केवढी झुंज दिली, ते १९८७ साली आलेल्या 'झोंबी'त महाराष्ट्राने वाचले. ते पुस्तक वर्गात शिकवताना माझ्या मनात नेहमी येई, की एक पोर वर्गात येण्यासाठी एवढे झगडले, आणि एका पोराला मी वर्गाबाहेर घालवले.

शेडमध्ये शिरलो तर तो हात पुसत लगबगीने पुढे आला. "या की सर! बसा. च्या सांगू का?" भिंतीवर तीन घड्याळे होती. एक आपले, एक साडेतीन तास पुढचे जपानचे आणि एक ऑस्ट्रेलियाचे. खालच्या फळ्यांवर नंबर लिहिलेली खोकी नीट रचलेली. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात इतकी शिस्त नाही.

त्याची सुरुवात झाली यामाहाच्या आर.एक्स. १०० मोटारसायकलीपासून. १९८५ साली भारतात आलेल्या या अठ्ठ्याण्णव सी.सी.च्या गाडीने कोल्हापूरकरांना जे वेड लावले ते तिचे उत्पादन थांबून पाव शतक उलटले तरी उतरलेले नाही. तिचे भाग शोधता शोधता तो मारुती जिप्सीकडे वळला, आणि तिथे त्याला परदेशचे गिऱ्हाईक सापडले. जिप्सी म्हणजे मूळची सुझुकीची गाडी. तिची भावंडे ऑस्ट्रेलियात सिएरा आणि अमेरिकेत सामुराई या नावांनी विकली गेली. तिकडे ती कधीच बंद झाली. आपल्याकडे मात्र १९८५ पासून तीसहून अधिक वर्षे जिप्सी तयार होत राहिली. साहजिकच तिचे बरेच भाग इथे मिळतात आणि तिकडच्या लोकांना ते हवे असतात.

"पर सर, ह्यो धंदा भाग इकायचा न्हाई," तो म्हणाला. "ह्यो धंदा नंबराचा हाय."

त्याने मला निसानचे नंबर वाचायला शिकवले. प्रत्येक भागाला दहा अक्षरे. पहिली पाच सांगतात वस्तू कोणती. पुढची पाच सांगतात ती कोणत्या गाडीसाठी. पहिला हिस्सा जातीचा, दुसरा कुळाचा म्हणाना! कंपनीने भागात काही सुधारणा केली की शेवटची अक्षरे बदलतात. म्हणून गिऱ्हाइकाला तो पहिल्यांदा चासीचा नंबर विचारतो. नुसत्या फोटोवरून भाग पाठवणाऱ्याची निम्मी पार्सले परत येतात, आणि समुद्रापलीकडून परत आलेल्या पार्सलाइतके महाग काही नाही.

जपानातल्या लिलावात मोडीत निघालेल्या गाड्यांचे भाग मिळतात. पण बरेचसे विक्रेते परदेशी माल धाडत नाहीत. मग तिथला अडत्या आपल्यासाठी बोली लावतो, माल आपल्या पत्त्यावर घेतो, पुन्हा बांधतो आणि पाठवतो. त्याची दलाली, विमानाचे भाडे, जकात, हे सगळे आधी सांगावे लागते. एअरबॅगसारख्या वस्तू तर स्फोटकाच्या भीतीने साध्या पार्सलातून जातच नाहीत. आणि एवढे करून ज्याने पैसे पाठवले त्याने याला पाहिलेले नसते, याने त्याला पाहिलेले नसते.

किमती एवढ्या का चढल्या, तेही त्याने सांगितले. १९८८ च्या एका कायद्यामुळे अमेरिकेत परदेशी नियमांची गाडी पंचवीस वर्षांची झाल्याखेरीज सहसा आणता येत नाही. १९८९ च्या स्कायलाइनला २०१४ साली पंचवीस वर्षे झाली आणि अमेरिकन गिऱ्हाईक बाजारात उतरले. निसानने २०१७ साली या गाडीचे काही बंद झालेले भाग पुन्हा काढायला सुरुवात केली खरी. पण सगळेच नव्हेत. भाच्याला हवा असलेला भाग याने पंधरा दिवस शोधला. जपानातून एक आला, तो केसाएवढी चीर गेलेला.

"आता एकच वाट ऱ्हायली सर," तो म्हणाला. "वतायचा!"

लाकडाचा मोटार-भाग

कोल्हापूरकराला ओतकाम नवे नाही. उसाला पाणी पाजणारी डिझेल इंजिने आणि गुऱ्हाळातले चरक यांच्या आधारावर इथला धंदा वाढला. उद्यमनगर, वाय. पी. पोवारनगर, मग शिरोली, गोकुळ शिरगाव आणि आता आमच्या कागल-हातकणंगल्याची पंचतारांकित वसाहत, असा तो पसरत गेला. देशोदेशीच्या ट्रॅक्टरांत आणि मालमोटारींत इथले बीड असते. पण हे कारखाने हजारांनी नग काढणारे. एका नगासाठी भट्टी कोण पेटवणार?

एक म्हातारे मिस्त्री तयार झाले. जन्मभर त्यांनी लाकडाचे पॅटर्न केले आहेत. भाच्याने मेलबर्नहून मोडके तुकडे पाठवले होते. ते आणि जपानचा चिरलेला नग शेजारी ठेवून मिस्त्रींनी सागवानात तो भाग कोरला. त्यांची मोजपट्टीही वेगळी. बीड थंड होताना शंभर मिलिमीटरला साधारण एक मिलिमीटर आकसते, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. ज्या बाजू पुढे यंत्रावर घासायच्या, तिथे आणखी थोडे अंग ठेवायचे. "पोराचं कापड शिवताना वाढत्या अंगाचं शिवत्यात," मिस्त्री म्हणाले, "आमी आकसत्या अंगाचं शिवतो."

ओळखीच्या एका कारखान्यात दुसऱ्या कामाची भट्टी लागली त्या दिवशी आमचे पाच साचेही रांगेत बसले. मी मुद्दाम पाहायला गेलो. ओलसर वाळूत चिकणमाती मिसळून ती पॅटर्नभोवती ठोकून बसवतात. पॅटर्न अलगद काढला की आत त्याची पोकळी राहते. वितळलेल्या रसात मॅग्नेशियम पडले तेव्हा असा पांढरा उजेड झाला की मी डोळे मिटून घेतले. त्या मॅग्नेशियममुळे बिडातला कार्बन पापुद्र्यांसारखा न राहता बारीक गोळ्यांच्या रूपात गोठतो आणि बीड ठिसूळ न होता चिवट होते. सगळी करामत त्या काही क्षणांची.

पॅटर्न पुरा करण्यापूर्वी मिस्त्रींनी विचारले होते, "शिक्का कुठला घालायचा?" ओतीव भागावर कारखान्याची खूण असते. माझ्या विद्यार्थ्याने क्षणभर विचार करून सांगितले, "कागल घाला. मराठीत."

माझी चूक

पाचांपैकी एक नग भाच्याला गेला. चार त्याच्या तिकडच्या मित्रांनी घेतले. त्यातल्या एकाने फोटो कुणाला दाखवला असेल. महिन्याभराने परदेशातल्या एका व्यापाऱ्याचे पत्र आले. दोनशे नग हवे होते आणि भावही चांगला होता. अट एकच. कागल काढायचे, आणि त्या जागी जपानी कंपनीची खूण व मूळ नंबर घालायचा. खोकीही तशीच छापायची.

पत्र घेऊन तो माझ्या घरी आला. यंत्रासाठी काढलेले कर्ज त्याच्या डोक्यावर होते, हे मला माहीत होते. मी पत्र दोनदा वाचले आणि मला जे सुचले ते बोलून गेलो, "भाग तर तितकाच चांगला आहे ना? मग नाव काय असेल ते असो. एवढी ऑर्डर पुन्हा येणार नाही."

तो काही वेळ गप्प बसला. मग हळूच म्हणाला, "सर, ऱ्हागवू नगा. तुमी माझा निबंध फाडला हुता. त्योबी चांगलाच हुता की. फकस्त माझा नव्हता."

मी मान खाली घातली. वीस वर्षे मुलांना अस्सल आणि नक्कल यांतला फरक शिकवणाऱ्या माणसाला तो फरक त्याच्याच वर्गातून हाकललेल्या मुलाने शिकवला. आणि त्याचे कारण निव्वळ भावनेचे नव्हते, हेही त्याने समजावले. खूण म्हणजे जबाबदारी. उद्या एखादा नग चिरला, तर खूण पाहून तो माणूस कुणाला जाब विचारणार? ज्यांनी तो केलाच नाही त्यांना. वेगाने धावणाऱ्या गाडीतला भाग आहे. आत माणूस बसलेला असतो. कागल लिहिले असेल तर चूक कागलला परत येईल आणि दुरुस्त होईल.

याच हिशेबाने तो आपल्या पोरांना फटफटणारे सायलेन्सर विकत नाही. दिवसाला चार-पाच जण विचारून जातात. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या बावन्नाव्या कलमाने मूळ बनावटीत असा मनाला येईल तो बदल करता येत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले आहे. पण तो कायद्याचे कलम सांगत नाही. "शर्यत करायची तर ट्रॅकवर जा," म्हणतो. "हमरस्त्यावर दुसऱ्याची आई चाललेली असती."

त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून व्यापाऱ्याला उत्तर लिहिले. मजकूर त्याचा, इंग्रजी माझे. भाग देऊ, हवे तितके देऊ, तपासणीचा कागद जोडून देऊ. नाव मात्र आमचे राहील. उत्तर आले नाही. कर्जाचे हप्ते तो अजून जिप्सीच्या भागांवर फेडतो आहे. मधूनमधून कागलच्या शिक्क्याचे दोन-चार नग मागणारे पत्र येते, तेवढेच.

पाडव्याला लिहायला घेतलेली ही हकिकत ताईला सांगितल्याशिवाय संपवता येणार नाही. गाडी सुरू झाल्यावर भाच्याने एक फोटो पाठवला. सहा सिलिंडरांचे ते धूड, नळ्यांचे जाळे, आणि बाजूला तो काळा ओतीव हात. मी कोल्हापूरला जाऊन फोटो ताईला दाखवला. तिने चष्मा लावला, फोन डोळ्यांजवळ नेला आणि इंजिनाच्या त्या गर्दीतून एक-एक अक्षर लावत वाचले, "का... ग... ल."

बराच वेळ ती बघत राहिली. मग फोन माझ्या हाती देत म्हणाली,

"गाडी चालली म्हणतोस ना? मग आता तिच्यात बसायला दुसरे माणूस कधी आणतोस, तेवढे त्याला विचार. आणि हो, त्या तुझ्या विद्यार्थ्याला भाऊबीजेला घेऊन ये जेवायला."